पहारेकऱ्याचा रकाना

औरादेत एक गोष्ट कितीतरी वर्षं चुकीची सांगितली जाते, आणि ती चुकीची पसरवण्यात सगळ्यात मोठा वाटा माझा आहे. गोष्ट एका निवृत्त दारोगांची आणि त्यांनी कोंडून ठेवलेल्या मांजरीची. तीस वर्षं कैदी ओळखण्यात घालवलेल्या माणसाला म्हातारपणी एक मांजर ओळखता आली नाही, असा तिचा शेवट करतात. मीही तसाच करत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितली, मास्तरांच्या बैठकीत सांगितली, दारोगासाहेबांच्या आवाजाची नक्कल करून सांगितली. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं. आता माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं. खरं काय घडलं ते माहीत असलेली माणसं तीन होती, त्यातला मी एकटा उरलोय. म्हणून लिहून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं. मी औरादच्या शाळेत हंगामी मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि दारोगासाहेबांच्या घराच्या पुढच्या खोलीत राहत होतो. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. जिल्ह्याच्या तुरुंगात तीस वर्षं नोकरी करून ते गावी परतले होते. बायको फार आधी गेलेली, मूलबाळ नाही. उंच, वाळलेला देह, पांढऱ्या मिशा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या एकाही किल्लीचं कुलूप त्या घरात नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "कमरंला वजनाची सवय हाय, मास्तर. न्हाईतर चालताना तोल जायलाय."

सकाळी आणि दिवेलागणीला ते गिनती घेत. तुरुंगात कैद्यांची घेत असत, घरात जे असेल त्याची. तांबे चार, हाजिर चार. घोंगडी दोन, हाजिर दोन. शेवटी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून "मास्तर एक" म्हणत, आणि मी "हाजिर" म्हटल्याशिवाय हलत नसत. पहिल्या आठवड्यात मला याचा राग आला. पुढं अशी सवय लागली की बदलीच्या गावी कित्येक महिने संध्याकाळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. आज आपल्याला कुणी मोजलं नाही, हे नंतर लक्षात येई.

गिनती जुळली की अंगणात उभं राहून ते मोठ्यानं "सब ठीक" म्हणत. भिंतीपलीकडून अक्काचं उत्तर यायचं, "म्हैस बी ठीक हाय, अण्णा. तिला बी लिहून घ्या."

ही अक्का विधवा होती, पन्नाशीची. एक म्हैस, दहा-बारा कोंबड्या आणि तोंडाला लगाम नाही, असा तिचा संसार. मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलायची. दारोगासाहेबांना ती अख्ख्या गावात एकटीच टोमणे मारू शके, आणि त्यांना ताक लागतं तेव्हा न सांगता भिंतीवरून लोटा ठेवून देई.

त्यांची आणखी एक तऱ्हा मला आधी खरी वाटली नव्हती. तीस वर्षं ते तुरुंगाच्या आवारात राहिले, आणि तिथं आवाराचा दरवाजा शिपाई बाहेरून बंद करी. आतून कडी लावून झोपणं त्यांना जमेना. म्हणून संध्याकाळी जेवण झालं की मी त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालायची आणि सकाळी काढायची, असं माझ्या राहण्याबरोबरच ठरलं होतं. एका रविवारी मी कडी काढायची विसरलो आणि पहाटेच्या गाडीनं माझ्या गावी, मंठाळला, निघून गेलो. निम्म्या रस्त्यात आठवलं. धावतपळत परतलो तेव्हा दुपार झाली होती. दार उघडलं तर ते अंघोळीविना, चहाविना, मांडी घालून शांत बसलेले. मी पाया पडायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "सुटका उशिरा झाली. कागद वेळेवर पोचला नसंल. व्हतंय असं."

हे त्यांचं नेहमीचंच होतं. कुणाचीही चूक असो, ते त्यासाठी कचेरीतला एखादा सोईस्कर नियम शोधून काढत आणि चुकलेल्या माणसाला त्यातून अलगद बाहेर काढत. तुरुंगातल्या दारोगाला हे शोभतं का, असं मला तेव्हा वाटायचं.

आता त्यांच्या मानाची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुरुंगात नवा कैदी आला की त्याचा हुलिया लिहितात. म्हणजे उंची, रंग, व्रण, तीळ, तुटका दात, जे काही असेल ते. दारोगासाहेबांची नजर या कामात मुरलेली होती. माणसं त्यांना नावानं आठवत नसत, खुणेनं आठवत. आमचे हेडमास्तर त्यांच्या लेखी 'डाव्या कानामागं चामखीळ' होते. त्यामुळं औरादच्या आठवडी बाजारात बैल बदलला, म्हैस चोरीची निघाली, असं काही भांडण झालं की दोन्हीकडची माणसं दारोगांना बोलावत. ते जनावराभोवती एक फेरी मारत आणि सांगत, "हा गेल्या पोळ्याला औरादेत व्हता. उजव्या खुराला चीर हाय बगा." विषय संपायचा. औराद, निर्णा, पार उदगीरपर्यंत त्यांचा शब्द चाले. बाजाराच्या दिवशी ते फेटा नवा बांधत. तेवढीच त्यांची ऐट. आणि एक वाक्य: "तीस वर्षांत माज्या हातातून एक बी फरार न्हाई."

मांजर कुणाची नव्हती. दारोगासाहेबांच्या ज्वारीच्या कणगीवर झोपायची आणि अक्काच्या शिंक्यावर जेवायची. एका बाजाराच्या दिवशी ती बैलगाडीच्या चाकाखाली सापडली आणि मागचा पाय मोडला. दारोगासाहेबांनी तिला धोतराच्या सोग्यात घालून आणलं. हाडवैद्य बोलावला. बैलांचे पाय बसवणारा माणूस तो, मांजरीचा पाय हातात घेऊन थोडा लाजला. पण बांबूच्या कामट्या लावून त्यानं पाय नीट बांधला आणि जाताना बजावलं की चाळीस दिवस हिला उडी मारू द्यायची नाही. एक उडी मारली की हाड परत सुटलं.

"मांजरीला उडी मारू द्यायची न्हाई," अक्का भिंतीवरून म्हणाली. "आता मला म्हना, बोलू नगं."

दारोगासाहेबांच्या अंगात मात्र वय दहा वर्षांनी कमी झाल्यासारखं बळ आलं. ते माळ्यावर चढले आणि एक कोरी वही काढून आणली. डोळ्यांना बारीक दिसत नसल्यानं लिहायला मला बसवलं. उर्दूत रकाने आखले: तारीख, बंदी, हाजिर, खुराक, पहारेकरी, आणि शेवटी कैफियत, म्हणजे शेरा. पहिल्या पानावर हुलिया. रंग राखी. अंगावर काळे पट्टे. शेपटाचं टोक पांढरं. नजर चोराची. नजरेचं हुलियात बसतं का, असं मी विचारलं, तर हुलियात आधी तेच बसतं म्हणाले. गुन्हा: शिंक्यावरचं दूध, वारंवार. फिर्यादी: अक्का. शिक्षा: चाळीस दिवस साधी कैद. पाय मोडल्यामुळं सक्तमजुरी माफ.

कोठडी म्हणून त्यांनी दुभत्याचं जाळीचं कपाट घेतलं. दूध चोरणाऱ्या मांजरीला दुधाच्याच कपाटात कोंडलं, यावर अक्का दोन दिवस हसत होती. पण ते कपाट त्यांनी ज्या रीतीनं तयार केलं ते मी विसरलो नाही. मधल्या फळ्या काढून टाकल्या, म्हणजे वर चढायला काही उरू नये. खाली पोतं, त्यावर त्यांचं मऊ झालेलं जुनं धोतर. कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात चुलीची राख, मांजरीच्या विधीसाठी, रोज बदलायची. जाळीच्या अर्ध्या भागावर गोणपाट, कारण कोंडलेल्या जिवाला तोंड लपवायला जागा पाहिजे. खायला थोडं, पण दोनदा. रोज सकाळी ते बांधलेल्या पायाची बोटं चिमटीत धरून बघत. गार पडली किंवा सुजली, म्हणजे पट्टी जास्त घट्ट झाली; मग ती जरा सैल करत. "आत ठिवायला काय, कुलूप बी ठिवतंय," ते म्हणत. "आत ठिवून जगवायचं असतंय, मास्तर."

पहिले तीन दिवस ती सारखी ओरडत होती. दारोगासाहेब कपाटाशी पाट टाकून बसत. "कामून रडायलीस गं? चाळीस दिवस हायत, फाशी न्हाई." चौथ्या दिवशी ती गप्प झाली आणि सगळं खाऊन टाकलं. मला आनंद झाला. त्यांना काळजी लागली. रडणारा कैदी राहतो, जेवणारा पळायची तयारी करतो, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवसापासून दोन दरवाजांचा कायदा सुरू झाला. तुरुंगाला फाटकं दोन असतात, आणि दोन्ही कधी एका वेळी उघडायची नसतात. बाहेरचं लावल्यावरच आतलं. तसंच इथं खोलीच्या दाराला आतून कडी घातल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. एवढा एकच नियम त्यांनी मला स्वतः बोलून, माझा हात हातात घेऊन सांगितला.

अक्का तिची फिर्याद मागं घ्यायला तयार नव्हती. रोज सकाळी मात्र वाटीभर दूध भिंतीवर ठेवायची. "मांजरीला न्हाई हं," ती म्हणायची. "अण्णाच्या चहाला." दारोगासाहेब चहा बिनदुधाचा पीत.

चोविसाव्या दिवशी त्यांना निर्ण्याला पुतणीच्या लग्नाला जावं लागलं. तीन दिवसांचा प्रश्न होता. वही माझ्या हातात दिली, पहारेकऱ्याच्या रकान्यात रोज आपलं नाव लिहायचं सांगितलं, आणि गाडीत बसल्यावरही मागं वळून विचारलं, "आदी कोणतं दार?" मी म्हणालो, "बाहेरचं, साहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राख बदलत होतो. खोलीच्या दाराला कडी घातलेली होती, हे मी शपथेवर सांगतो. कपाट उघडं, घमेलं माझ्या हातात, आणि बाहेरून डाकवाल्यानं हाक मारली. माझ्या नावाचं सरकारी पत्र. सहा महिने मी त्या पत्राची वाट बघत होतो. घमेल्यासकट गेलो आणि दार उघडलं. पत्र हातात घेतलं, फोडलं आणि तिथंच उंबऱ्यात उभा राहून वाचू लागलो. मांजर माझ्या आणि डाकवाल्याच्या पायांमधून गेली. पळाली नाही. शिक्षा पुरी झालेल्या माणसासारखी, तीन पायांवर, बांधलेला पाय ओढत, शेपटाचं पांढरं टोक वर धरून गेली. डाकवाला म्हणाला, "मांजर चांगली हाय तुमची."

पत्रात लिहिलं होतं की मला कायम करण्याचा विचार चालू आहे, त्यासाठी गावातल्या एखाद्या निवृत्त सरकारी अंमलदाराचा नेकचलनीचा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा, दाखला जोडावा. औरादेत निवृत्त अंमलदार एकच होता.

त्या दिवशी मी शाळेत गेलो नाही. कणगीमागं बघितलं, परसात बघितलं, कडब्याच्या गंजीत हात घालून बघितलं. ओरडून हाक मारायची सोय नव्हती, कारण साऱ्या गावाला कळलं असतं. अक्का भिंतीवर हनुवटी टेकवून बघत होती.

"काय हुडकायलाव, मास्तर?"

मी म्हणालो, "खडू."

"खडू," अक्का म्हणाली. "कडब्यात." आणि आत निघून गेली.

दुपारी मला ती दुर्बुद्धी सुचली, आणि सुचवली त्याच खडूनं. बाजारपेठेतल्या एका आडत्याच्या दुकानात अशीच एक मांजर होती. त्याच विणीतली बहीण म्हणतात तशी. तोच राखी रंग, तेच काळे पट्टे. फक्त शेपटाचं टोक पांढरं नव्हतं. मी तिला दुधाचं आमिष दाखवून शाळेच्या नकाशाच्या पिशवीत घातलं. हातांवर तिनं जे लिहिलं ते पुढं महिनाभर वाचता येत होतं. बाभळीत पडलो, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. शाळेची लाकडी फूटपट्टी मोडून दोन तुकडे केले, ते तिच्या धडधाकट पायाला बांधले, वर माझ्या उपरण्याची पट्टी गुंडाळली. आणि शेपटाच्या टोकाला ओला खडू लावला. मग वहीत लिहिलं पाहिजे म्हणून वही उघडली. हात चालेना. पहिल्या दिवसाच्या ओळीत माझं नाव होतं. दुसऱ्या दिवसाची ओळ कोरी ठेवली, म्हटलं मग बघू. तिसऱ्या दिवशीही वहीला हात लावला नाही.

दारोगासाहेब तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी आले. आधी अक्काच्या अंगणात थांबून पाणी प्यायले. मग घरात आले, खोलीच्या दाराला कडी घातली, कपाट उघडलं आणि आत हात घातला. मांजरीच्या पाठीवरून त्यांचा हात शेपटाकडं गेला आणि टोकाशी क्षणभर थांबला. बाहेर काढलेली बोटं त्यांनी धोतराला पुसली. "बंदी एक," म्हणाले. मग जरा वेळानं, "हाजिर."

माझा जीव भांड्यात पडला. इतका की त्याच संध्याकाळी मी दाखल्याचा विषय काढला. त्यांनी लगेच दौत मागितली. उर्दूत लिहू लागले: मेहनती, वक्तशीर, मुलांना मारत नाही. मग टाक दौतीत बुडवून बराच वेळ तसाच धरला आणि 'ईमानदार' लिहिलं. सही केली, कागद वाळू दिला, आणि माझ्याकडं देताना म्हणाले, "लिहायचं काम माजं. खरं करायचं काम तुमचं, मास्तर."

सगळ्याच तरुण माणसांना ते असं काहीतरी सांगत असतील, असं मी धरलं.

त्यानंतरचे चौदा दिवस मला त्यांच्या वागण्यात फरक दिसत होता, पण मी त्याचा अर्थ वय झालं असा लावला. कैद ढिली झाली. खोलीला कडी घालून ते मांजरीला कपाटाबाहेर काढत, पट्टी सोडून मांडीवर घेऊन बसत. दूध वाढलं. आणि रोज दिवेलागणीला वही काखेत मारून ते ताक प्यायला अक्काकडं जाऊ लागले. ताकाला वही कशाला, हा प्रश्न मला पडला होता. विचारला मात्र नाही. त्या दिवसांत मी त्यांना काहीच विचारत नव्हतो. फक्त सकाळी राख बदलताना शेपटाच्या टोकावर खडू पुन्हा फिरवत होतो.

चाळिसाव्या दिवशी सुटका. हाडवैद्यानं आपल्या हातगुणाची जाहिरात केली होती, त्यामुळं अंगणात पंचवीस-तीस माणसं जमली. बेडी दारोगानंच काढायची असते, असं सांगून साहेबांनी हाडवैद्याला लांब ठेवलं, लोकांकडं पाठ केली, पट्टी सोडली आणि जे निघालं ते कोटाच्या खिशात घातलं. मांजर खाली ठेवली. ती दोन पावलं चालली, पाण्याच्या घंगाळाच्या काठावर चढून पाणी प्यायली, आणि तिचं शेपूट पाण्यात बुडलं. शेपूट वर आलं ते काळं. तेवढ्यात गर्दीतून आडत्यानं तोंडानं चुचकारल्यासारखा आवाज केला. मांजरीनं कान टवकारले आणि एका उडीत त्याच्या खांद्यावर.

"ही तर माजी हाय," आडत्या म्हणाला. "पंधरा दिवस झाले, उंदरांनी माजी पोती फाडलीत. चांगल्या मांजरीला कामून कोंडलाव, दारोगा?"

आधी कुणीतरी एक हसला, मग सगळे. दारोगासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. एका कैद्याची गिनती करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मी माझ्या वहाणांकडं बघत होतो. डाव्या वहाणेचा अंगठा सुटत आला होता, हे मला अजून आठवतं. भिंतीवरून अक्का काही बोलायला वाकली.

"अक्का," ते म्हणाले, "म्हशीला पाणी दाखवा जा."

मग लोकांकडं वळून, हसू थांबायची वाट बघून, सावकाश म्हणाले, "चूक झाली. डोळ्यानं दिसंना झालंय."

आठवड्याभरानं अक्काच्या भिंतीवर एक मांजर दिसू लागली. राखी, शेपटाचं टोक पांढरं, मागच्या पायानं किंचित लंगडणारी. लोकांना हसायला आणखी एक कारण मिळालं: खरा कैदी शेजारी आणि दारोगा आंधळा. मला फक्त एवढंच वाटलं की चला, जगली. ती तिकडं केव्हा गेली, याचा विचार मी केला नाही.

पुढच्या बाजारात एका बैलावरून भांडण लागलं. दारोगासाहेब नवा फेटा बांधून ओट्यावर बसून राहिले. बोलावणं आलं नाही. बाजारात कुणी त्यांचं नाव काढलं तेव्हा दुसरा म्हणाला, "मांजर वळखंना, बैल काय वळखतेत." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी तिथं वांगी घेत होतो. वांगी घेऊन घरी आलो. त्यानंतरच्या बाजारालाही ते फेटा बांधून बसले. तिसऱ्या बाजारापासून त्यांनी फेटा बांधणं सोडलं. मी कायम झालो, आणि दोन महिन्यांनी माझी बदली झाली. निघताना त्यांनी दारात उभं राहून "मास्तर एक" म्हटलं. मी हाजिर म्हटलं आणि गाडीत बसलो.

नव्या गावात माझी ओळख नव्हती. ओळख व्हावी म्हणून मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. फार रंगली.

मी परत औरादेत गेलो तो थेट पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर. दारोगासाहेब त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. घराला कुलूप होतं. अक्का म्हातारी झाली होती, पण जीभ तशीच. मला बघून म्हणाली, "खडू सापडला का, मास्तर?"

मग तिनं सांगितलं. मांजर माझ्या पायांमधून निघाली ती भिंतीच्या भगदाडातून सरळ तिच्याकडं गेली होती. कामट्या सैल झाल्या होत्या, पण हाड जागेवर होतं. अक्कानं त्या परत आवळल्या आणि मांजरीला कोंबड्यांच्या डालग्याखाली कोंडलं, वर वरवंटा ठेवला. मी कडब्यात हात घालून हुडकत होतो तेव्हा ती डालग्याखालीच होती. मग मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. "तुमी खडू हुडकायलाव म्हनलाव. मांजर हुडकायलो म्हनला असता तर दिली असती की." दारोगासाहेब निर्ण्याहून आले तेव्हा पाणी पिण्याआधीच तिनं डालगं उचलून दाखवलं होतं. त्यानंतर ते रोज संध्याकाळी ताकासाठी नव्हे, गिनतीसाठी तिच्याकडं जात होते.

त्या दिवशी तुम्ही लोकांना का नाही सांगितलं, हेही मी विचारलं. "सांगत व्हते की. म्हशीकडं धाडलं मला. मागून म्हनले, पोराची नोकरी नवी हाय." मग तिनं एक फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. "तुमी बदलून गेलाव तवाच तुमच्यासाटी ठिवलंय त्यांनी. धा वर्षं उंदरांपासून राखलं मी. मांजरीनं राखलं, असं म्हना."

त्यात फूटपट्टीचे दोन तुकडे होते, आमच्या शाळेचा शिक्का असलेले. आणि ती वही.

चोविसाव्या दिवसापर्यंत माझं अक्षर. सव्विसाव्यापासून त्यांचं, वाकडंतिकडं, मोठं. रोज बंदी एक, हाजिर एक. त्यात एकदाही खोटं नव्हतं. रोज त्यांनी डालग्याखालच्या मांजरीला मोजलं होतं. कपाटातल्या मांजरीची वेगळी ओळ होती: मेहमान एक, खुराक दूध. आणि मी कोरी सोडलेली पंचविसाव्या दिवसाची ओळ त्यांनी मागून भरली होती. बंदी एक, हाजिर एक. कैफियत: तबादला, शेजारच्या ठाण्यात. प्रवासात बेडी सैल झाली, पुन्हा बांधली. प्रकृती ठीक.

त्यांच्या तीस वर्षांत एकही फरार नव्हता आणि याही वहीत नाही. एका पोराच्या हातून पळालेल्या मांजरीला त्यांनी बदलीचा हुकूम काढून दिला होता. त्या ओळीत एकच रकाना रिकामा होता. पहारेकरी.

"मी इचारलं त्यांना," अक्का म्हणाली, "एवडं कामून रिकामं सोडलाव? म्हनले, ज्याचं हाय तो लिहील."

मी वही घेऊन आलो, आणि लिहिलं नाही. मांजरीची तर गोष्ट, असं स्वतःला सांगत राहिलो. गोष्टही सांगत राहिलो, जुन्याच शेवटाची, कारण लोक त्याच शेवटाला हसत. माझ्या पेन्शनीचे कागद, मुलांची लग्नं, घर, सगळं त्या दाखल्यावर उभं राहिलं. त्यातले मेहनती, वक्तशीर वगैरे शब्द मी बरेचसे खरे केले. एक राहिला होता.

आज सकाळी वही काढली. कागद पिवळा पडलाय, कडा मोडतायत. उर्दू लिहून कितीतरी वर्षं झाली, तरी हात विसरला नव्हता. रकान्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. खाली कैफियतीत थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं: बाहेरचं दार मी उघडलं. मांजर मी बदलली. दारोगासाहेबांना सगळं दिसत होतं.

सून देवळात गेली होती, घरात कुणी नव्हतं. वही मिटली, दारापाशी गेलो आणि त्यांच्या आवाजात, पण या वेळी नक्कल न करता, म्हणालो, "मास्तर एक."

मग खोलीत परत येऊन बसलो आणि उत्तर दिलं.